टाचेखालचं पुणे

रविवारचा सिंहगड, रोजची टेकडी, ऑफिसची पळापळ... आणि सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेत घुसणारी सुई! 'प्लांटार फॅसिआयटिस' नावाचा पाहुणा घेऊन शहरात फिरायचं कसं?

पुण्यात माणसं दोन प्रकारची असतात. रविवारी पहाटे सिंहगडाला जाणारी आणि 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणणारी. पहिल्या प्रकारातल्यांचं सगळं ठरलेलं असतं. अंधारात घर सोडायचं, आतकरवाडीला गाड्या लावायच्या, सुमारे सहाशे मीटरचा तो चढ दम लागेपर्यंत मारायचा, पुणे दरवाजाच्या कमानीखाली टेकायचं. मग कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. अकराला घरी येऊन 'मला जेवायला नको' म्हणायचं आणि आईची बोलणी खायची. 'किती मिनिटांत चढलीस?' हा प्रश्न इथे पगारापेक्षाही मोकळेपणाने विचारला जातो, आणि उत्तरात पाच-सात मिनिटं सगळेच मारतात.

मी पहिल्या प्रकारातली. सलग पाच वर्षं. ग्रुपमध्ये माझं नावच 'सिंहगडवाली' पडलं होतं. मागच्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकता सुरू झालेला, ऐन सीझन तोंडावर, आणि एका सकाळी उजवा पाय जमिनीवर टेकला तर टाचेखाली जणू कुणी खिळा ठोकलाय! भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत गेले. दहा मिनिटांनी दुखणं गायब. ऑफिसात दोन तासांची मीटिंग संपवून उठले तर पुन्हा तोच खिळा.

ही या दुखण्याची सहीच म्हणायची. बसलं-झोपलं की शांत, उठलं की पहिली काही पावलं जीवघेणी, थोडं चाललं की बरं, खूप चाललं की पुन्हा वाईट. नाव एखाद्या महागड्या इटालियन डिशसारखं असलं तरी प्रकार अगदी घरगुती आहे. साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी टाचदुखी गाठतेच. चाळिशी-पन्नाशीत जास्त. पण धावणारे, डोंगर चढणारे आणि दिवसभर उभं राहून काम करणारे यांना ती वयाची वाट न बघता भेटते. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानातल्या सेल्समनला विचारा. ट्रॅफिक पोलिसाला, शाळेतल्या बाईंना, नर्सला विचारा.

आता दोन मिनिटं पायाची मशिनरी बघू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. धनुष्याला दोरी, तशी पायाच्या कमानीला ही दोरी. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये त्याचं काम समजावून सांगितलं ते रहाटाच्या उदाहरणाने. विहिरीवर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो. पाऊल उचलताना बोटं वर वळली की हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती तसाच ताणून गुंडाळला जातो, कमान वर उचलली जाते, पाऊल कडक होतं आणि आपण पुढे ढकलले जातो. प्रत्येक पावलाला हे होतं. दिवसाला दहा हजार पावलं मोजणाऱ्यांनी हिशेब करावा. दोर जिथे टाचेला बांधलाय तिथेच त्याचे धागे झिजतात, आणि दुखतंही तिथेच. नावात 'आयटिस' म्हणजे दाह असला तरी जुन्या दुखण्यात सूज कमी आणि ही झीजच जास्त दिसते. म्हणूनच नुसत्या गोळ्या खाऊन किंवा बर्फ लावून गाडी फार पुढे जात नाही.

एका ठिकाणी मला एक्स-रे दाखवून 'हाड वाढलंय, ट्रेक विसरा' असं दोन मिनिटांत सांगण्यात आलं. तीन दिवस मी मोबाइलमधले जुने गडाचे फोटो बघत बसले. नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, तेव्हा कळलं की असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही सापडतं. दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. आणि दहातले आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात. वर्षभरात! 'दोन आठवड्यांत' नाही. हा आकडा पचवायला मला टाचदुखीपेक्षा जास्त त्रास झाला.

'चालणं बंद करू का?' मी विचारलं. तर म्हणाल्या, बंद नाही, मोजून. त्यांचा फंडा सोपा होता. चालताना दुखणं दहापैकी तीन-चार मार्कांच्या आत राहिलं तर चालेल. खरा रिझल्ट मात्र दुसऱ्या दिवशी लागतो, सकाळच्या पहिल्या पावलाला. ते आजच्यापेक्षा जास्त दुखलं, तर काल जास्त झालं, कमी करा. तेवढंच दुखलं तर तेवढंच ठेवा. कमी झालं तर थोडं वाढवा. मी एक छोटी डायरी केली. कुठे चालले, कशावर चालले, किती वेळ आणि सकाळचे मार्क. आणि बॉस, त्या डायरीतून मला एक वेगळंच पुणे दिसायला लागलं. डोळ्यांना दिसतं ते नव्हे, टाचेला लागतं ते.

सुरुवात घरातूनच. आमच्याकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. पाहुणे कौतुक करतात, टाच शिव्या घालते. कडक फरशीवर अनवाणी उभं राहणं हे या दुखण्याला सगळ्यात नकोसं, आणि आपल्याकडे तर चपला दाराबाहेर! मी घरात घालायला मऊ तळाच्या वेगळ्या चपला आणल्या, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता. 'घरात चपला?' शेवटी तह झाला. या चपला घराबाहेर जाणार नाहीत आणि देवघरापाशी काढायच्या. आजीने तिचं खातं वेगळं उघडलं होतं. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक आणि रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासणं. फिजिओबाई म्हणाल्या, चटका बसणार नाही एवढं बघा आणि खुशाल करा, बरं वाटेल. फक्त त्याने पट्ट्याला ताकद येणार नाही. आजीला मी पहिलं वाक्यच सांगितलं.

ताकदीसाठी दोन गोष्टी. पहिली, पलंगावरून उतरायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, तळव्याचा पट्टा तारेसारखा ताणला गेला पाहिजे. दहा अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा. 2003 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात हा पट्ट्याचा खास ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. दुसरी गोष्ट खरी मेहनतीची. पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन टाचा उचलायच्या. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. एकाआड एक दिवस, आणि जमेल तसं पाठीवर सॅकचं वजन. हा प्रकार डेन्मार्कच्या संशोधकांनी 2014 मध्ये पुढे आणला. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हे करणारे बरेच पुढे होते. वर्षाने मात्र दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले होते, हेही सांगायला हवं. पण ऐन पावसाळी सीझनमध्ये घरी बसलेल्या माणसाला ते अधले महिनेच तर हवे असतात!

या दुसऱ्या व्यायामासाठी मी जागा शोधली ती पर्वतीची. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, 1749 चं देवदेवेश्वराचं मंदिर, आणि खालपासून वर 103 पायऱ्या. शाळेच्या सहलीत आपण त्या धावत मोजलेल्या असतात. आता सावकाश चढताना कळलं, की काय निवांत पायऱ्या आहेत! रुंद, बुटक्या. पूर्ण पाऊल मावतं. उतरताना टाच आपटत नाही. आजच्या बिल्डिंगमधल्या उंच, अरुंद जिन्यांशी तुलनाच नको. पहाटे सहाला तिथे सगळं जग असतं. स्पर्धा परीक्षेची पोरं धापा टाकत वर-खाली करतायत, काका लोक पाठीमागे हात बांधून राजकारण सोडवतायत, आणि कोपऱ्यातल्या पायरीवर मी, बोटांखाली नॅपकिन, भिंतीला हात, आपली वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी विचारलंच, हे कुठलं आसन? आठवड्याने शेजारच्या पायरीवर तेही टाचा उचलत होते.

रस्त्यांचं काय सांगावं! जंगली महाराज रस्ता 1970 च्या दशकात बांधला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट प्रत्येक पुणेकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्याचा नव्याने रुंद केलेला फूटपाथ टाचेलाही आवडतो. सपाट, सलग, मध्ये बसायला जागा. पण तिथून उजवी-डावीकडच्या गल्लीत शिरा. पेव्हर ब्लॉक एक वर, एक खाली, एक मुळी नाहीच. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ धाडकन संपतो, पुढे पुन्हा वीतभर चढायचं. सायंकाळी त्याच फूटपाथवर दुचाकी मागून हॉर्न देते! शंभर मीटरमध्ये आठ वेळा चढ-उतार मी स्वतः मोजलेत. सिंहगडाच्या वाटेवर एवढा वैताग नाही. महापालिकेने 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद करून पादचारी दिन साजरा केला होता. छान वाटलं होतं. पण वर्षातला एक दिवस पादचाऱ्याचा, म्हणजे उरलेले 364 कुणाचे, ते कळलंच की. धडधाकट असताना आपण हे सगळं उड्या मारत पार करतो. टाच दुखायला लागली की लक्षात येतं, शहरातले म्हातारे लोक घराबाहेर का पडत नाहीत.

मातीवर गेलं की टाचेचा मूड बदलतो. वेताळ टेकडीवर, लॉ कॉलेजच्या मागून किंवा एआरएआयच्या बाजूने, पाऊलवाट आहे ती मऊ, किंचित वाकडीतिकडी. पाऊल दर वेळी थोडं वेगळं पडतं, एकाच जागी मार बसत नाही. माझ्या डायरीत वीस मिनिटं टेकडी म्हणजे दोन मार्क आणि वीस मिनिटं कर्वे रोड म्हणजे पाच, असा सरळ हिशेब निघाला. (हे माझ्या टाचेचं शास्त्र. तुमची टाच वेगळं बोलू शकते.) जुन्या खाणीत साचलेलं पाणी, पलीकडे ओरडणारा मोर, आणि ओळखीचे चेहरे. 2023 मध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्या-बोगद्यांच्या विरोधात हजारो पुणेकर चालत उतरले होते, त्यात मीही होते, तेव्हा पर्यावरण, भूजल वगैरे मोठे शब्द डोक्यात होते. आता त्यात एक छोटं, स्वार्थी कारण जमा झालंय. या शहरात मातीवर चालता येईल अशा जागा उरल्यात किती?

मधले महिने पोहण्याने तारले. टिळक तलावावर टाचेला कुणी विचारत नाही. सायकलही चालते, फक्त पेडल मधल्या पावलाने मारायचं. दम तसाच लागतो, घाम तसाच येतो, म्हणजे गडासाठी फुप्फुसं तयार राहतात. कंटाळा येतो हे मात्र खरं. पोहण्याच्या तलावावर पिठलं-भाकरी मिळत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी आतकरवाडीला पुन्हा उभी राहिले. नियम ठरवून. चढायचं, पण उतरायचं नाही! कारण चढताना बराचसा भार पुढच्या पावलावर आणि पोटरीवर येतो. त्यालाही जपावं लागतंच, पण टाच आपटत नाही. उतरताना प्रत्येक पायरीवर ब्रेक लागतो आणि तो ब्रेक म्हणजे टाच. वरच्या वाहनतळावरून खाली येणाऱ्या शेअर जीप आहेत, त्यात बसायचं ठरलं. आता, पाच वर्षं जीपने येणाऱ्यांना 'टूरिस्ट' म्हणून हिणवणाऱ्या ग्रुपबरोबर हे करणं म्हणजे काय, ते ज्यांना पुणेरी ग्रुप माहीत आहेत त्यांनाच कळेल. 'सिंहगडवाली जीपमध्ये!' असा फोटो मी खाली पोहोचायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. जीपमध्ये माझ्या एका बाजूला लग्नाला महिना झालेलं जोडपं आणि दुसऱ्या बाजूला उलटी होईल म्हणून पिशवी धरून बसलेला मुलगा. घाटातून खडकवासल्याचं पाणी किती सुंदर दिसतं, हे पाच वर्षांत मी पहिल्यांदा निवांत बघितलं.

चढायला त्या दिवशी मला जवळजवळ दोन तास लागले. पूर्वीच्या दुप्पट. एवढ्या हळू चढलं की बाकीचे दिसतात. ताक-दह्याची मडकी, सरबताची बाटली, लिंबांची पिशवी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका दिसतात. पायात प्लॅस्टिकच्या पातळ चपला. आपण 'वीकएंडला गड मारतो', त्या तो रोज मारतात, तोही ओझ्यासकट. देवटाक्याजवळ दही घेताना एका मावशींशी बोलले. माझ्या टाचेची कथा ऐकून त्यांनी आपली टाच पुढे केली. दोन वर्षं दुखतेय. रात्री चुलीजवळ वीट शेकायची, सकाळी पुन्हा वर. मी त्यांना टॉवेलचा व्यायाम दाखवला, तर पदर तोंडाला लावून हसल्या. दिवसभर टाचा उचलतच तर असते, म्हणाल्या. पलंगावरचा ताण मात्र नीट विचारून घेतला, दोनदा करून बघितला. 'मोजून चाला' हा फिजिओबाईंचा सल्ला त्यांना द्यायला माझी जीभ रेटली नाही. मोजून चालायला महिन्याच्या शेवटी पगार जमा व्हावा लागतो. पुढच्या खेपेला मी त्यांच्या मापाच्या जाड तळाच्या चपला घेऊन गेले. त्यांनी घेतल्या, आणि दह्याचे पैसे घ्यायला नकार दिला. त्यावरून आमचं चांगलंच भांडण झालं.

चपलांवरून आठवलं. कोल्हापुरीवर माझा जीव आहे. 2019 मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी त्यावर लेखही लिहिला होता. पण तिचा सपाट, कडक तळ म्हणजे या दुखण्यात टाइलचाच भाऊ. लग्नात दोन तास, बस्स. रोजच्याला थोडी उंच टाच, मागे घट्ट कप आणि मध्येच वाकून दुमडणार नाही असा तळ असलेला बूट बघायचा. मापाने बनवून घेतलेल्या महागड्या इनसोलची जाहिरात ऐकून पाकीट उघडू नका. अभ्यासांमध्ये साध्या तयार इनसोलही साधारण तेवढ्याच उपयोगी ठरल्यात. आणि 'एक इंजेक्शन मारा, शनिवारी ट्रेकला जा' म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा तुटण्याचा धोकाही असतो. तो निर्णय मित्राचा नाही, डॉक्टरांचा. टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, मुंग्या येत असतील, चालता चालता 'टक्' झालं असेल, दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल किंवा मधुमेह असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

कात्रज ते सिंहगड, म्हणजे आपला लाडका 'के टू एस', यंदाही माझ्या यादीत नाही. तेरा टेकड्या, रात्रीचा अंधार, घसरडे उतार, टाचेसाठी हा सगळाच ब्रेकचा खेळ. ग्रुपला मी गडावर भाकरी घेऊन भेटणार आहे.

यादीत आहे ती वारी. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून भवानी पेठेतून बाहेर पडते, हडपसर मागे टाकते आणि दिवे घाट चढून सासवडला जाते. तीसेक किलोमीटरचा टप्पा. आयटी दिंडीबरोबर ऑफिसातली मंडळी दर वर्षी चालतात. टाच दुखायच्या आधी मी पुण्यातल्या मुक्कामात फोटो काढत फिरायचे आणि वारकऱ्यांचे पाय चेपणारे, तेल लावणारे, तुटलेल्या चपला फुकट शिवून देणारे लोक कौतुकाने टिपायचे. पण ज्यांचे पाय चेपले जात होते त्या साठी-सत्तरीच्या बायकांना एकदाही विचारलं नव्हतं, की मावशी, सकाळी पहिलं पाऊल कसं पडतं? अजून पंढरपूर केवढं लांब असतं! या वेळी विचारणार आहे. वही त्यासाठीच घेतलीय.

फिजिओबाईंनी हडपसरपासून वडकी नाल्यापर्यंत परवानगी दिलीय. पुढे घाट चढायचा की तिथून परतीची गाडी धरायची, ते तिथल्या मार्कांवर. कुणाला बरोबर यायचं असेल तर नव्या बुटांची हौस त्या दिवशी नको, वापरलेलेच घाला, मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. आणि निघायचंय पहाटे, तेव्हा पलंगावर बसून बोटं ओढायची पाच मिनिटं धरूनच गजर लावा.